खोक्यावर नाव धाकटीचं

५ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मताने वागतात, मी माझ्या. रविवारी तू टॅबवर दिसलीस खरी, पण बोलता बोलता गोठलीस. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हातात चमचा. माझा चहा निवेपर्यंत तशीच समोर बसून होतीस. मग टॅब काळा झाला. त्याला आता चार्जरला बांधूनच ठेवावं लागतं. सोडला की धाप लागते. तुझ्या बापाने वापरून वापरून मला दिला, तेव्हाच तो पेन्शनीत निघाला होता. पण माझंही तसंच असल्यामुळे आमचं जमलं.

तू म्हणतेस नवा घेऊ. नवा म्हणे ऐकतो, ऐकलेलं लिहितो, आलेलं वाचून दाखवतो. बाई गं, ऐकणारं, लिहिणारं आणि वाचणारं माझ्याकडे आधीच आहे. वरच्या मजल्यावर राहतं आणि कपभर चहावर चालतं. (इथे लेखणी थांबली, म्हणून हे वाक्य मी दोनदा सांगितलं.)

तुझ्या छापखान्यातली मैत्रीण विचारत होती ना, की या दोघी जावा एका खोलीत बसून पत्र लिहितात आणि एकमेकींशी बोलत कशा नाहीत? तिला सांग, सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आमचं वाजलं. कोण काय बोललं ते आता धड कोणालाच आठवत नाही. मशीन शिंप्याकडे गेलं, शिंपी गाव सोडून गेला, अबोला तेवढा घरात राहिला. मग तू नोकरीला गेलीस. मला अक्षर येत नाही, आणि या इमारतीत चांगलं अक्षर एकट्या धाकटीचं. तिचा जन्म टपाल कचेरीत गेला. तेव्हापासून ती गुरुवारी येते. चपला जाण्याच्या दिशेने तोंड करून ठेवते, दाराजवळच्या खुर्चीत बसते. मी तुला सांगते, ती लिहिते. तिला काही सांगायचं असलं तर तेही मी तुलाच सांगते. जसं, तुझ्या धाकट्या आजीला कळव, की जिना उतरताना कठडा धरायला लाज कसली?

(लेखनिकाची टीप : धरते.)

आता तूच बघ. टॅबनेच पत्र लिहिलं तर ती खाली कशाला येईल? पत्राशिवाय तिला यायला कारण नाही, आणि बोलवायला मला तोंड नाही. खुर्ची रिकामी राहील, आणि भांडायला मला भिंत उरेल. भिंत टिपा लिहीत नाही. म्हणून नवा नको.

हे सांगताना समोर कोणीतरी खाकरलं.

(लेखनिकाची टीप : खाकरले नाही. ठसका लागला.)

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझी,
आजी


१० जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती हसली.

नव्या टॅबचं पुन्हा काढते, रागावू नकोस. मी हौस म्हणून मागे लागलेली नाही. ज्या सोयीने आपण एकमेकींना बघतो, ती या महिनाअखेरीनंतर तुझ्या जुन्या टॅबवर चालणारच नाही. तो बिघडला म्हणून नव्हे, त्याचं वय झालं म्हणून. दुकानदार म्हणतो की त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणजे गोठलेली मीसुद्धा दिसणार नाही. बाबा म्हणाले, आजीला विचार, परस्पर काही आणलंस तर ती ते पीठ झाकायला वापरेल.

दुकानाची जाहिरात सोबत घडी करून घातली आहे. चित्रं तरी बघ. आवडला तर हो म्हण, नाही तर कारण सांग. धाकट्या आजीचं कारण मी ऐकलं आणि मला ते पटलंही, पण मग दर रविवारी तुला बघायचं कसं, ते तिलाच विचार. म्हणजे मला सांग, ती ऐकेल.

घरमालकिणीने आता इस्त्रीवरही बंदी घातली आहे. चुरगळलेल्या कपड्यांनी कामाला जाते.

धाकट्या आजीला नमस्कार. दिवसभर मुद्रितं तपासायची सवय, म्हणून नजरेला आलं : गेल्या पत्रातल्या ओळी उजवीकडे चढत गेल्या होत्या, आणि एका जागी एक ओळ दुसरीच्या अंगावर बसली होती. घाईत होती का?

कृपालोभ असावा, आणि निर्णय लवकर व्हावा.

तुझी,
खारू


१३ जून

चि. खारूस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र जाड पेनाने, एक ओळ सोडून लिहिते आहे. पाकिटावरचा पत्ता सवयीने लिहिला जातो, पोचेल. तुझ्या आजीला मी हे लिहिल्याचं माहीत नाही.

काल गुरुवार, म्हणून खाली गेले. तुझं पत्र आलेलं होतं. फोडलं, आणि त्यातलं मला काही दिसलं नाही. कागदावर मुंग्या चालाव्यात तसं दिसलं, तेही मधून मधून. आजवर उजेडाकडे धरून, अंदाजाने भागवत होते. काल अंदाजही चालेना. जाऊबाई समोर बसलेल्या. मग मी मनानेच वाचलं. तू खुशाल आहेस, हवा बरी आहे, घरमालकीण प्रेमळ आहे, असं काहीबाही. टपालात जन्म काढून दुसऱ्याच्या पत्रात भर घालायची वेळ आली.

तू विचारशील, त्यांना सांगत का नाही. सांगायला आधी बोलावं लागेल. टीप लिहून सांगावं, तर ती मीच वाचून दाखवायला हवी.

तेव्हा तू टॅब पाठव. त्या नको म्हणतील, ते मनावर घेऊ नकोस. आता यंत्र आलं, माझं काम संपलं, असं म्हणून मी वर बसेन, आणि डोळ्यांचं कुणाला कळणार नाही. गुरुवारी काय करायचं ते मी बघेन. त्यांचा चहा तसाही गोडमिट्ट असतो.

कृपा करून हे तुझ्यापाशीच राहू दे. माया आहेच, लिहायला नको.

तुझी,
धाकटी आजी


१४ जून

चि. खारूस,
आशीर्वाद. वि. वि.

आजचं अक्षर निराळं दिसेल. खालच्या औषधाच्या दुकानात उभी राहून सांगते आहे आणि औषधवाला बिलाच्या पाठीवर लिहितो आहे. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून याचंही अक्षर तसंच झालंय म्हणतात. लागत नसेल तर तिकडच्या औषधवाल्याला दाखव. मधे मधे गिऱ्हाईक आलं की मला थांबावं लागतं. एकजण खोकल्याचं औषध सोडून माझंच ऐकत बसला होता. त्याला दोनदा पिटाळलं.

परवा तुझं पाकीट धाकटीने फोडलं. आतून दोन कागद निघाले. एक तुझा नेहमीचा निळा, दुसरा गुळगुळीत. निळा तिने मांडीवर ठेवला आणि गुळगुळीत हातात धरून वाचू लागली. माझ्या बाजूला त्याच्या पाठीवरचं चित्र आलं. नवरा, बायको, दोन पोरं टॅब बघून हसतायत, पण सगळी डोक्यावर उभी. मला अक्षर येत नाही हे खरं, पण माणसाचं डोकं कुठल्या बाजूला असतं ते कळतं.

ती छान वाचत होती. हवा बरी आहे म्हणाली, घरमालकीण प्रेमळ आहे म्हणाली. तुझी घरमालकीण! तिथे मला हसू आलं ते मी खोकला म्हणून खपवलं. मग मी छताकडे बघून म्हटलं, की खारूचं पत्र पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं. दुसऱ्या खेपेला हवा दमट झाली होती.

ती गेल्यावर निळा कागद घेऊन इथे आले. याने वाचून दाखवला. तेव्हा महिनाअखेरीचंही कळलं आणि तुझ्या इस्त्रीचंही.

डोळे तिचे आजचे गेलेले नाहीत. थंडीपासून ती लिहिताना कागदाला नाक लावते, आणि चहाचा कप घ्यायला आधी टेबल चाचपते. मी कप दर खेपेला त्याच जागी ठेवते, मागचा डाग पडलाय तिथे. मी विचारलं नाही. विचारते कशी?

तर आता माझं ऐक. मी नवा नको म्हणत होते ते तिच्यासाठी. आता हवा म्हणते तेही तिच्यासाठीच. फक्त खोक्यावर नाव धाकटीचं घाल आणि मजला वरचा लिही. माझ्या नावाने आला तर ती म्हणेल, झालं, आता तुमचं तुम्ही बघा, आणि दार लावून बसेल. तिच्या नावाने आला तर टॅब तिचा आणि पत्र माझं. दोन्ही एका खोलीत आल्याशिवाय तुला एक ओळ मिळायची नाही.

तिला कारण असं दे, की म्हातारी नव्या यंत्राला घाबरते, एकटीने हात लावत नाही. हे खोटं आहे ते तुला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असेल. पण सोयीचं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांचंही तूच काढ. माझ्याकडून गेलं तर ती वर्षभर जायची नाही.

औषधवाला म्हणतो, बिलाची पाठ संपली. माया आहे तिथेच आहे, शोधायला लागू नये.

तुझी,
आजी


२३ जून

ती. धाकट्या आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानाचा माणूस टॅब सुरू करून देईल आणि हे पत्र टॅबच तुला वाचून दाखवेल. आवाज जरा सपाट आहे, बातम्या सांगितल्यासारखा. वाईट वाटून घेऊ नकोस.

टॅब तुझ्या नावावर आहे. आजी नव्या यंत्राला घाबरते, तिच्या हातात देववत नाही. तू कचेरीत तारयंत्रापासून सगळं हाताळलेलं, तेव्हा चालवायचं तू. ती नुसती बोलेल. तेवढं तिला येतं.

तुझं कुणाला सांगितलेलं नाही. पण पुढच्या बुधवारी तुमच्या चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझं नाव नोंदवलं आहे. सोबत कुणाला न्यायचं ते तू ठरव. जिना उतरताना कठडा आहे, आणखी कुणी असलं तर बरं, एवढंच.

लोभ दोघींचा हवा, वाटणी नको.

तुझी,
खारू


३ जुलै

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे मी बोलते आहे आणि टॅब लिहितो आहे. टॅब धाकटीच्या मांडीवर आहे. खुर्ची आता दाराजवळून खिडकीशी आली आहे, कारण चार्जरची वायर दारापर्यंत पोचत नाही. वायरीचे उपकार.

जुना टॅब दुकानाचा माणूस घेऊन गेला. पिशवीत टाकताना त्याच्या पडद्याने एकदा उघडझाप केली. मग नाही.

काल डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. एक आधी काढतील, दुसरा नंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके दिवस कशा काय थांबलात, पिकून बसलाय. येताना धाकटीने कठडा धरला, आणि एका बाजूने मला. ते बहुधा चुकून असेल.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. खोकं आलं त्या दिवशी ती टॅब घेऊन खाली आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, की खारूने यंत्र पाठवलंय आणि ते चालवायची जबाबदारी आपल्यावर टाकलीय. हे तिने खिडकीला सांगितलं, मला नाही. मग मी तुला सांगायला लागले. चांगलं पानभर सांगून झालं. तेवढ्यात तिचं बोट कुठेतरी लागलं आणि यंत्राने विचारलं, की हे सगळं पुसून टाकू का. तिला दिसत नव्हतं कुठे दाबायचं, मला कळत नव्हतं काय दाबायचं. आणि त्या घाईत आमच्यापैकी एकीने दुसरीचा हात धरून म्हटलं, नको.

मी म्हणते तो शब्द तिचा. ती म्हणते माझा. हात कोणी कोणाचा धरला होता त्यावरही एकमत नाही. यंत्राने शब्द लिहून ठेवलाय, पण कोणाचा ते लिहिलेलं नाही. वाचायला सांगितलं तर माझंही बोलणं आणि तिचंही, एकाच सपाट आवाजात वाचतं. इतकं महागाचं यंत्र आणि साक्ष द्यायच्या कामाचं नाही.

ते पान सोबत पाठवते आहे. तू दिवसभर असलीच कामं करतेस, तुला बोलण्याच्या वळणावरून कळेल. शब्द तिचा असला तर लगेच कळव. माझा असला तर टपाल हरवलं असं समजू.

त्या दिवसापासून आमचं यावरून भांडण चालू आहे. तोंडावर. आज गुरुवार नाही असं तिचं म्हणणं आहे आणि गुरुवार आहे असं माझं, तेही तू बघ. चहा गोड होतो हे तिने आज समोरासमोर सांगितलं. इतकी वर्षं निमूट प्यायली, आणि तोंड उघडलं ते यासाठी.

लोभ होता, आहे. कमी करायचा असला तर दोघींना विचारून कर.

तुझी,
आजी

(लेखनिकाची टीप : यंत्र लिहितं, पण टीप मीच सांगणार. आज गुरुवारच आहे, ते कबूल. शब्द मात्र त्यांचा. आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.)