चटणी लागू पडली

४ जानेवारी, शनिवार
आज डोकं फिरलं. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, फुस्स केलं आणि म्हणाला, बीपी आहे, रोज एक गोळी, आयुष्यभर. आधी तासभर बाहेर बसवून ठेवलं होतं. कोणाचंही वाढेल!
घरी दाक्षायणी म्हणाली, "मग घ्या की गोळी." बायको कोणाच्या बाजूची आहे ते कळलं. सौजन्या म्हणाली, पप्पा, ओट्स खा. लेक शिकली म्हणून बापाला घोड्याचं खाद्य!
गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी फाडली. आमच्या अप्पांनी, माझ्या वडिलांनी, गावी वळसंगला जन्मभर शेती केली, कधी गोळी घेतली नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्या जागी गेले, पण धडधाकट गेले.
निर्णय: आजपासून गावचं खाणं, गावची शिस्त. पहाटे पाचला उठून चालणं.

५ जानेवारी
थंडी होती. चालणं सोमवारपासून.

१२ जानेवारी, रविवार
सोलापूरची गड्ड्याची जत्रा बघायला अव्वाला, माझ्या आईला, आणायचं म्हणून वळसंगला गेलो. संतापून परत आलो. चुलतभाऊ सिद्धप्पा समोरच्या दुकानात मोटारसायकलवर जातो! पोरांच्या हातात चिप्सचे पुडे. म्हातारे चहात टोस्ट बुडवतात. भाकरी मागितली तर वहिनी लाजली, म्हणाली, "पाव्हण्याला भाकरी कशी वाढायची? चपाती केलीया की." मी भाकरीसाठी पेट्रोल जाळून गेलो होतो!
सिद्धप्पाला म्हटलं, गाव बुडवलंत तुम्ही. तो म्हणाला, "मग तू ये की हितं ऱ्हायाला." उद्धट.
कहर म्हणजे अव्वालाही बीपी! दोन वर्षं झाली म्हणे. मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तू चिडतोस लई." असला राग आला! सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या आणते आणि न चुकता घेते. वळसंगच्या बाईला गोळी लागते म्हणजे देशाचं काही खरं नाही.

१५ जानेवारी
दाक्षायणीने अव्वाला सगळं सांगितलं. चहाडखोर. अव्वाने तिची गोळ्यांची पट्टी दाखवली. "शिवू, माझी पन हीच गोळी हाय की. दवाखान्यातली बाई म्हणती, एक दिस चुकवायची न्हाय. घे."
मी अशी गर्जना केली की वरच्या मजल्यावरचे धर्मपाल खाली आले. अव्वा गप्प बसली. पटलं तिला.
चालणं जत्रेनंतर. रस्त्यात गर्दी फार.

१८ जानेवारी
जत्रेतून दगडी खलबत्ता आणला. मिक्सरने शेंगाचटणीचा जीव जातो. सौजन्या हसली. तिला दहा मिनिटं झापलं.
आता अव्वा रोज सकाळी माझ्यापुरती चटणी वेगळी कुटते. ज्वारीची भाकरी, चटणी, दही. अव्वा जत्रेनंतर परत जाणार होती, आता म्हणते राहते थोडे दिवस. गाव विटलं असणार.

२४ जानेवारी
चटणी किंचित कडू लागते. अव्वाला विचारलं तर म्हणाली, "नवा दगड हाय, उतरतंय थोडं." मला वाटतं हाच तो औषधी गुण. मिक्सरमध्ये कुठला येतोय?
सौजन्याने माझ्या वाटीत बोट घातलं तर अव्वाने तिच्या हातावर चापट मारली. शाबास. शिस्त म्हणतात ती ही.
चालणं राहिलं. स्कूटरवरून बागेपर्यंत गेलो होतो, पण तिथे गरम भजी तळत होते.

५ फेब्रुवारी
विजय! डॉक्टरने पुन्हा पट्टा बांधला. बीपी उत्तम. म्हणतो कसा, गोळी लागू पडली! टेबलावर हात आपटून सांगितलं, गोळीला शिवलोसुद्धा नाही, चटणी लागू पडली! त्याने पुन्हा मोजलं. तरी उत्तमच. तोंड बघण्यासारखं झालं होतं.
अव्वाला सांगितलं तर तिने डोळ्याला पदर लावला.

१३ फेब्रुवारी
धर्मपाल सोसायटीचे सेक्रेटरी. तेवीस तारखेला, रविवारी हॉलमध्ये माझं भाषण ठेवलंय. विषय: गोळीमुक्त बीपी. गेटवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. त्यांनाही बीपी आहे. म्हणाले, भाषण ऐकलं की मीही गोळ्या बंद करतो. आमच्या जुळे सोलापूर वस्तीत एक तरी शहाणा माणूस निघाला.

१६ फेब्रुवारी
अव्वाचं डोकं दुखतंय. चक्करही येते म्हणे. गोळी घेतेस ना, विचारलं. "व्हय की," म्हणाली, पण भांड्यांकडे बघत. चांगलं खडसावलं. तुझं बीपी टोस्ट खाऊन झालेलं, तुला गोळी पाहिजेच! ह्या लोकांना आरोग्याचं गांभीर्य नाही.

२० फेब्रुवारी
अव्वा बाथरूमपाशी पडली. दवाखान्यात ठेवलंय. बीपी भयंकर वाढलेलं.
डॉक्टर तोच. त्याने अव्वाला विचारलं, गोळी कधी बंद केली? अव्वा माझ्याकडे बघेना. मी ओरडलो, सांग की!
"बंद कुटं केली? कुटून चटणीत घालत हुते. ह्येच्या. एकाचीच पुरत हुती. ह्येचा बाप असाच गेला, बसल्या जागी. ह्यो ऐकत न्हाय, नुसता चिडतोय."
डॉक्टर मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
अव्वा काल घरी आली. सकाळी फ्लेक्स उतरवायला गेलो. स्टूल पुरलं नाही. मी तिथेच आहे, गेटवर, हसतोय.
धर्मपालना म्हटलं, भाषण रद्द. ते म्हणाले, हरकत नाही, मी परवापासूनच बंद केल्यात गोळ्या. त्यांच्यावर ओरडलो. जिन्यापर्यंत त्यांच्या मागे ओरडत गेलो. आत्ता घ्या, माझ्यासमोर घ्या! ते म्हणाले, पण तुम्ही?
घरी आलो.
रात्री जेवायला बसलो. दाक्षायणी मेडिकलमधून माझी पट्टी घेऊन आली होती. अव्वाने ताटाशेजारी दोन गोळ्या ठेवल्या. एक तिची, एक माझी. म्हणाली, "आदी तू. मग मी."
घेतली. भयंकर कडू.
चटणीतून बरी लागायची.