काळ्या पडद्यावरचं नाव

प्रिय आण्णा,

फोनवर बोलायला गेले तर नुसती रडेन, आणि सांगायचं ते राहून जाईल. काल तुम्ही सांगितलंत, मी बनवलेली माझ्या लग्नाची वेबपत्रिका तुम्ही तुमच्या काळ्या पडद्यावर आत्याला वाचून दाखवली. निमंत्रकांत तिचं नाव आलं तशी ती म्हणे सारखी म्हणत राहिली, "परत वाच रं, धनाजी." मी इकडे कुपवाडच्या ऑफिसात हो हो करत मान खाली घालून बसले होते.

कोयनानगरच्या पॉवरहाऊसमधून निवृत्त झाल्यावर तुम्ही भंगारातला कॉम्प्युटर आणून त्यावर ती इवलीशी सिस्टिम बसवलीत. ना फोटो, ना रंग, ना माउस. वेबपान उघडलं की नुसती अक्षरं. मी चिडवायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "पोरी, पानानं कसलाबी पोशाख करू दे, हितं समदी अक्षरं दिसत्यात." नेमकं तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आधीची भावंडं गेली, ही तरी जगावी म्हणून आत्याचं नाव दगडाबाई ठेवलं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पण साताऱ्याला शिवतेजच्या घरी जावांची नावं राजेश्वरी नि शिवांजली. पत्रिका बघून त्या हसतील, अशी मला धास्ती. शिवतेज काही बोलला नव्हता, हा शहाणपणा माझाच. नाव काढलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून पानाच्या पोशाखात फक्त हुकूम घातला, हे नाव दाखवू नको. सगळ्यांचे फोन तो हुकूम पाळतात, तुमचा पडदा पाळत नाही. एवढ्या गोतावळ्यात आत्याचं नाव दिसलं ते एकट्या तुम्हाला. तुम्हीच शिकवलेलं तुमच्यावरच वापरलं, आण्णा. लय लाज वाटते.

आता रविवारी आत्या बस्त्याला साताऱ्याला येणार. शिवतेजच्या फोनवर आपल्या नावावर बोट ठेवून दाखव, असं तिनं मला बजावलंय.

आज सकाळी तो हुकूम काढून टाकला. नाव होतं तिथंच आहे, आता सगळ्यांना दिसतं. गप्प बसले असते तरी खपून गेलं असतं. तुमच्या पडद्यावर कालचं पान आणि आजचं पान अगदी एकसारखं दिसेल. तुम्हाला कधीच कळलं नसतं. म्हणूनच हे पत्र. आत्याला सांगायचं का, ते बस्त्याच्या आधी कळवा. तिच्या नावावर बोट मलाच ठेवायचंय.

तुमचीच,
अंकिता