नववा जोड

ता. ४

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

पत्र पाहून म्हणशील, काम असल्याशिवाय धाकटी लिहायची नाही. खरंच आहे. आमच्या औषधाच्या दुकानातली काउंटरवरची बाई महिनाअखेर सोडून चाललीय. मालकांनी आपणहून काडीसाठी विचारलं. पगार बरा, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. तीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले, पुढे नाही.

काडीला कळवलं तर तिने दोन पानं रडून पाठवली. बॅलेच्या मंडळीत जाऊन दोन वर्षं झाली, अजून मागच्याच रांगेत आहे, तरी म्हणे नाच सोडायला लावलास तर मी मेले समज. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि दुकान सोडून तिकडे येणं जमत नाही. थिएटर तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तर या महिन्यात दर गुरुवारी दुपारचा खेळ बघ आणि मला सांग, आपल्या पोरीत काही आहे का, की नुसतीच पाय मोडून घेतेय. तू म्हणशील तसंच करू. काडीनेही कबूल केलंय की मावशीचा शब्द शेवटचा. एकतीस वर्षं गिरणीच्या तपासणी खात्यात बसलीस, तुझ्या नजरेतून धागा सुटला नाही, पोरगी कशी सुटेल?

गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर कळव, भिडस्तपणा करू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ८

चि. धाकटीस,
अ.आ. वि.वि.

बाई गं, कसलं काम गळ्यात मारलंस! काल पहिला गुरुवार पार पडला. माझं तिकीट स्वस्तातलं, म्हणजे अगदी बाजूच्या सज्जात, रंगमंचाला खेटून. मागचा अर्धा पडदा दिसत नाही, पण पडद्यामागचे दोर आणि खोकणारा दिवेवाला छान दिसतो.

गोष्ट अशी की एक दीपगृहाचा रखवालदार धुक्यात वाट चुकतो आणि धुक्यातल्या मुली त्याला फिरवून फिरवून दमवतात. दोन तासांत कोणी चकार शब्द काढत नाही. घरात अबोला असला की चालतं तसं सगळं हातवाऱ्यांवर. दुसऱ्या अंकात पांढऱ्या झग्यातल्या चोवीस जणी एकामागून एक आल्या. मी मोजल्या नाहीत गं, माझे डोळे आपोआप मोजतात, जित्याची खोड. सगळ्या एकाच ताग्यातून फाडलेल्या! आपली काडी त्यातली कोणती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मागच्या दाराशी भेटली तेव्हा कळलं, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी.

एक नवल सांगते. मला वाटायचं, या मुली पिसासारख्या नाचत असतील. कुठलं काय! त्यांच्या बुटांची टोकं खळ आणि कापडाचे थर देऊन दगडासारखी केलेली असतात. चोवीस जणी एकदम धावल्या की टकटक टकटक, जणू आमचे माग सुरू झाले. समोर बसणाऱ्यांना वाद्यांमुळे ऐकू येत नाही, माझ्या सज्जात सगळं येतं.

शेजारच्या खुर्चीवर एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा असतात. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं की ही नवखी. म्हणाले, पाय बघूच नका, मान बघा. आणि उडी वर कशी जाते ते कोणीही बघतं, खाली कशी येते ते बघायला शिका. बघते बाई.

निकाल इतक्यात मागू नकोस. जीव लावत जा.

तुझी,
ताई


ता. १०

ती. ताईस,
सा.न.

पत्र वाचून एकटीच हसत बसले. घड्याळवाल्या आजोबांना माझाही नमस्कार सांग. या वयात सज्जात शिकवणी लागली म्हणायची!

काडी आज तुझ्याकडे जेवायला येणार होती. बुटांची पिशवी घेऊन हिंडत असते म्हणे. तिला पोटभर घाल आणि जरा निजू दे. पत्रात लिहीत नाही, पण दमलीय, मला कळतं.

आठवण ठेव, म्हणजे मी विसरणार नाही.

तुझी,
धाकटी


ता. १५

चि. धाकटीस,
अ.आ. वि.वि.

काडी आली, जेवली आणि ताटावरून उठून सरळ आडवी झाली. पायांची बोटं बघवत नव्हती, मेली. तिच्या पिशवीत नवेकोरे बूट होते, त्यांना घोट्याला बांधायच्या फिती शिवायच्या राहिलेल्या. म्हटलं, पोर झोपलीय तोवर हातावेगळं करावं. चष्मा लावला आणि नऊच्या नऊ जोड शिवून काढले. शेवटचा जरा निराळाच, अरुंद, पिवळट पडलेला साटिन, कुणीतरी आधी उसवल्यासारखी भोकं असलेला. त्यालाही फिती लावल्या.

उठल्यावर शाबासकी मिळेल म्हणून बसले होते, तर ही माझ्यावरच भडकली! म्हणे ज्याचे बूट त्यानेच शिवायचे असतात, मंडळीत तसा नियमच आहे, नाच बसवणाऱ्या बाईंना कळलं तर सालटी काढतील. आणि म्हणे आठच जोड आणले होते. मी म्हटलं, मला मोजायला शिकवू नकोस. पिशवी उचलून तणतणत गेली, दारातून परत येऊन गळ्यात पडली.

आता कालचं. माझी नजर बसायला लागलीय गं! काडी मला लगेच सापडली. उडीवरून उतरताना जरा जास्तच वाजते, पाव ठोका उशीर करते, पण मान वळवते ना, तेव्हा असं वाटतं की हिला खरंच कुणीतरी हाक मारलीय. बाकीच्या नुसत्या वळतात.

पण दुसऱ्या अंकात मुली पंचवीस होत्या. मी डोळे पुसले, पुन्हा मोजल्या. पंचवीस. जास्तीची शेवटच्या टोकाला, बारीक, झगा जुना. सगळ्यांत सुरेख तीच नाचत होती, धाकटे! उडीवरून खाली आली ते फळ्यांना कळलंसुद्धा नाही. एवढ्या टकटकीत तिच्या जागी नुसती शांतता. तोंड मात्र एकदाही वळवलं नाही. चोवीस जणी उजवीकडे बघत, तेव्हा ती मागच्या पडद्याकडे बघे.

आजोबांना विचारलं, तर म्हणाले चोवीसच असतात, वीस वर्षं बघतोय. त्यांनी मोजल्या नव्हत्या. काडीही चोवीस म्हणाली, वर म्हणाली मावशी चष्मा बदल. पण हसताना तिचा रंग उडाला होता. मी एकतीस वर्षांत मोजण्यात एकदाही चुकले नाही.

विसंबू नकोस.

तुझी,
ताई


ता. २२

चि. धाकटीस,
अ.आ. वि.वि.

तुझं उत्तर आलं नाही, पण राहवेना म्हणून लिहितेय. काल बरोब्बर चोवीस! माझीच मेलीची नजर. आठवडाभर उगाच जिवाला घोर लावून घेतला.

आणि ऐक. काडी काल जी नाचली! डावीकडून तिसरी, मी पापणी लवू दिली नाही. पाव ठोक्याचा उशीर नाही, आवाज नाही, काही नाही. हात उचलला की धुकंच उचललं जातंय असं वाटावं. आजोबांनीसुद्धा माझ्या कोपराला ढोसलं आणि ही कोण म्हणून विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, माझी भाची. डोळ्यांना धारा लागल्या माझ्या.

मान मात्र वळवली नाही तिने. तेवढंच जरा चुकल्यासारखं वाटलं. नंतर मागच्या दाराशी अर्धा तास उभी राहिले, सगळ्या मुली गेल्या, ही काही आली नाही. बाईंनी कौतुक करायला थांबवली असेल.

मालकांना सांगून टाक, दुसरी मुलगी बघा. शेवटचा गुरुवार बघून पक्कं कळवते, पण माझं मन झालंय.

गोड मानून घे.

तुझी,
ताई


ता. २४

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच मिळाली.

ताई, काडी बुधवारी संध्याकाळपासून माझ्याकडे आहे. सरावात पाय मुरगळला, घोटा भोपळ्यासारखा सुजलाय. बाईंनीच आठ दिवस घरी पाठवली. तुला कळवायलाही वेळ मिळाला नाही. गुरुवारी दुपारी तू तिला बघत होतीस म्हणतेस, तेव्हा ती वरच्या खोलीत उशीवर पाय ठेवून झोपली होती आणि मी पट्टी बदलत होते. तिच्या जागी कोणी उभं राहणार नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं, तिसरी जागा मोकळी सोडून नाचा.

मग तू कोणाला बघितलंस? आजोबांना माझी भाची म्हणून कोण दाखवलीस?

काडीला पत्र दाखवलेलं नाही, आधीच कोमेजलीय. तू उद्याच्या उद्या डोळे तपासून घे. मोतीबिंदू असेल, दुसरं काय असणार. आणि एकटी राहू नकोस, शेजारणीला सोबतीला बोलाव.

तुझ्या जिवाला जप, मला दुसरं कोण आहे.

तुझी,
धाकटी


ता. २६

चि. धाकटीस,
अ.आ.

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि तशीच उठून थिएटरात गेले. तिथली कपडे सांभाळणारी बाई माझ्याच वयाची, तिला सगळं सांगितलं. मला वाटलं वेड्यात काढेल. तिने एवढंच विचारलं की जास्तीचा जोड कुणी शिवला. मी शिवला म्हणाले.

ती म्हणाली, तो जोड तिच्या आधीपासूनचा आहे. कुणाचा ते कुणाला ठाऊक नाही. टाकून दिला तरी कुठल्यातरी मुलीच्या पिशवीत पुन्हा सापडतो, आणि जी दमलेली असते तिच्याच. म्हणून ज्याचे त्याने शिवायचे. मुलगी आपलेच बूट शिवते, परका जोड बाजूला ठेवते. फिती नसल्या की तो कुणाच्या पायात राहत नाही. पण मायेने शिवणारं माणूस मोजून शिवत नाही, मिळेल ते शिवतं. एकतीस वर्षांच्या माझ्या नोकरीवर पाणी पडलं बघ. मी मोजले होते गं, नऊ. तरी शिवले.

काडीच्या खणात आठ जोड होते आणि मागे तो. आतून ओला होता, आणि ऊन. मी तिथल्या तिथे कात्रीने चारही फिती उसवल्या. हात भाजल्यासारखे झाले.

आता माझा निकाल. तुझी काडी नाचणारी आहे. एकवीस तारखेला जे बघून मी रडले, ते नाचणं नव्हतं, ती नुसती रिकामी जागा होती. मी नवखी, फसले. काडी वाजते, चुकते, दमते, आणि मान वळवली की जीव दिसतो. तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. पाय बरा झाला की पाठव तिला.

आणि नीट ऐक. तिच्या पिशवीत बिनफितीचा जोड दिसला, तर सुई लावू नकोस. काडीलाच विचार. माझी शपथ आहे तुला.

जीव टांगलाय, लगेच उत्तर दे.

तुझी,
ताई


ता. २७

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं उत्तर यायच्या आतच लिहितेय, कारण आनंदाची बातमी पोटात राहीना. मी मालकांना नाही म्हणून सांगितलं! झालं असं, परवा वर गेले तर काडी खिडकीच्या कठड्याला धरून एका पायावर उभी होती, दुसरा पाय पट्टीत. मी आलेलं तिला कळलं नाही. तिने नुसती मान वळवली, आणि ताई, तू लिहिलं होतंस ना, कुणीतरी हाक मारल्यासारखी, ते मला दिसलं. मला, औषधाच्या पुड्या बांधणारीला! खाली येऊन ओट्याशी मनसोक्त रडून घेतलं. दोन वर्षं पोरीचा छळ मांडला होता मी.

मग वाटलं, माफी मागण्यापेक्षा काहीतरी करावं. काल संध्याकाळी ती झोपल्यावर तिची पिशवी उघडली. एकच जोड होता, जुनाट, अरुंद, फितीसुद्धा नाहीत. किती हाल काढते पोरगी! माझ्याकडची चांगली फीत काढली आणि शिवून टाकल्या चारही. नियम बियम मला माहीत आहे, पण आईला कसला नियम? दुहेरी दोरा घेतला, आणि तू शिकवलेली गाठ मारली. आता कात्री लावली तरी उसवायच्या नाहीत.

सकाळी उठून बघते तर ही तयार होऊन दाराशी! सूज एका रात्रीत उतरलेली, पायाला पट्टीसुद्धा नाही. शाल डोक्यावरून घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली आणि तेच बूट बांधले. एक शब्द बोलली नाही, चहाला तोंड लावलं नाही. भारावली असेल. मी पाठीवरून हात फिरवला, गार लागली, म्हणून तिला माझा स्वेटर घातला. पहिल्या गाडीने गेली. उद्याच्या शेवटच्या खेळाला वेळेवर पोचेल, तिची तिसरी जागा तिला मिळेल. आपला लाकडी जिना तुला माहीत आहे, मांजर उतरलं तरी करकरतो. ही उतरली तर पायाचा आवाजसुद्धा आला नाही. किती तयार झालीय, ताई!

अंथरूण मात्र तसंच टाकून गेली, पांघरूण आत कुणी असल्यासारखं फुगलेलं. मी दार लोटून घेतलं. रात्री आवरीन.

हे पत्र मिळेल तोवर खेळ झालेला असेल. चोवीस भरल्या का ते लिही. डोळ्यांना जप, आणि तुझ्या धाकटीवर आजवर होता तेवढाच जीव असू दे.

तुझी,
धाकटी

ता.क. पत्र बंद करत होते, तर वरच्या खोलीत टकटक व्हायला लागली. थांबतेय, पुन्हा होतेय, जरा लंगडत चालल्यासारखी. वर कुणी नाही. खिडकीचं दार असेल. दुकानाला उशीर झालाय, आल्यावर बघेन.