खुर्च्या विणणाऱ्या अण्णांना, सूचनाफलकाबद्दल

अण्णा, आज दुपारी आमच्या विद्यापीठातल्या एका मुलीने परीक्षेचा अर्ज स्वतःचा स्वतः भरला. तिला दिसत नाही. शेजारी कुणी बसलं नव्हतं, कुणी वाचून दाखवत नव्हतं, कुणी तिचं बोट धरून बटणावर ठेवत नव्हतं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. या काळात किती सभा झाल्या, किती माईक पुढे आले, पण घरी जाऊन तुम्हाला सांगावं असं फार थोड्या वेळा वाटलं. आज वाटलं, म्हणून विभागात बसूनच टाइप करतेय.

तुम्हाला तो कॉलेजचा व्हरांडा आठवत असेल. जेऊरला लहानपणी गोवरात डोळे गेलेला माणूस सोलापुरात येऊन वेताच्या खुर्च्या विणायला शिकतो आणि ऑफिसांच्या, कॉलेजांच्या फाटक्या खुर्च्यांवर घर चालवतो, हे मला तेव्हा काही विशेष वाटायचं नाही. सगळ्यांचे वडील कुठेतरी जातात, तसे तुम्ही जायचा, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्याबरोबर असायचे. बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या असायच्या. तुमची बोटं भोकाभोकातून पट्टी ओढत जायची, आणि एखादी पट्टी खालून जायच्या ऐवजी वरून गेली असेल तर डोळे असलेल्या माझ्या आधी ती तुम्हाला कळायची. काम आटोपलं की घरी जायच्या आधी तुम्ही सूचनाफलकापुढे उभे राहायचा आणि म्हणायचा, "वाच."

पहिल्यांदा मी म्हणाले, "परीक्षेचं कायतरी हाय."

"कायतरी म्हंजे?"

"पोरांच्या फीचं. तुमच्या कामाचं न्हाय त्यात."

तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण काठी फरशीवर टेकलीत. "माज्या कामाचं काय ते मी ठरवीन की. तू कोन ठरवनारी? लिवलंय ते समदं वाच. खाली सही कुनाची हाय ते बी वाच." मी रडवेली होऊन वरपासून खालपर्यंत वाचलं. शिपाई मामा हसत होते. "काय हो, बीए करताय का काय?" तुम्ही म्हणालात, "व्हय की. खुर्ची माजीच इनलेली हाय, बसायला कितीसा येळ लागतोय!" पुढे त्या व्हरांड्यात मी इतकं मोठ्याने वाचलं, की नंतर हजार माणसांपुढे बोलताना आवाज कधी चिरकला नाही. लोक विचारतात, वक्तृत्व कुठे शिकलात. मी पुस्तकांची नावं सांगते. ती खोटी नाहीत, पण पहिली शाळा तो फलक.

आता फलक भिंतीवर कमी आणि फोनमध्ये जास्त असतो. विद्यापीठाचं संकेतस्थळ म्हणतात त्याला. ज्या माणसाला दिसत नाही त्याचा फोन त्यावरचं लिहिलेलं वाचून दाखवतो. तुम्ही असता तर मला शनिवारी सुट्टी मिळाली असती. चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडे आमचं हे नवं, लहानसं विद्यापीठ. तिथे केम गावची ही मुलगी एम.ए.ला आली. गेल्या वर्षी ती माझ्या दाराशी उभी राहिली. "मॅडम, साईटवर नोटीस आलीय म्हणतात. माझा फोन नुसता 'चित्र' म्हणतोय. जरा वाचता का?" मला सभेला निघायचं होतं. मी नजर टाकली आणि म्हणाले, "परीक्षेच्या अर्जाची आहे गं, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे." ती हलली नाही. हळूच म्हणाली, "सगळी वाचा की, मॅडम."

अण्णा, मी खाली बसले. सगळी वाचली. शेवटच्या ओळीत होतं की ज्यांना पेपर लिहायला लेखनिक हवा, त्यांनी वेगळा अर्ज आजच, पाच वाजेपर्यंत द्यावा. चार वाजून गेले होते. आम्ही दोघी जिना उतरून धावलो, अर्ज खिडकीतून आत ढकलला. परत येताना ती म्हणाली, "झालं ह्या वेळचं. पुढच्या वेळी तुमी सभेला गेलेल्या असला तर?"

उत्तर नसलं की मी भाषण करते, ते तुम्हाला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या पुढच्या बैठकीत मी केलं. संविधान मांडलं, कायदा मांडला. जी सूचना एका विद्यार्थिनीला वाचता येत नाही ती सूचना तुम्ही तिला दिलेलीच नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या, ठराव झाला: यापुढे प्रत्येक सूचना वाचता येईल अशीच टाकावी. दोन दिवसांनी संकेतस्थळाचं काम बघणारा आमचा कर्मचारी आला. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी आणि थट्टा दोन्ही भाषांत. "मॅडम, भाषण लई भारी झालं. आता ठराव ऐका." त्याने फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "चित्र." ठराव कंप्यूटरवर टाइप केलेला होता. त्याचा कागद काढला, त्यावर सही केली, गोल शिक्का मारला आणि त्या कागदाचा फोटो साईटवर चढवला, आणि फोटोतली अक्षरं फोनला कळत नाहीत! मी भडकले. तो म्हणाला, "शिक्का दिसल्याशिवाय आपल्याकडं कोण खरं मानतंय? मीपण नाही मानत. आणि रागावणार नसाल तर तुमच्या विभागाचं पान लावू का?" लावलं. चित्र, चित्र, चित्र. दिव्यांगांच्या हक्कांवरची माझी भाषणं, पेपरातल्या कात्रणांचे फोटो काढून मीच द्यायला लावलेली. मला आधी राग आला, मग इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग भाषण बंद आणि काम सुरू. रोज दुपारी ती मुलगी, तो कर्मचारी आणि मी असे आम्ही तिघं बसायचो. शिक्क्याचा कागद राहू दे, पण शेजारी तोच मजकूर अक्षरांत हवा, एवढं ऑफिसच्या अधीक्षकांना पटवायला मला जितके दिवस लागले तितके दिवस मी कुठल्या मोर्च्यात घालवलेले नाहीत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या सूचना फोन वेड्यासारखा बरळायचा. त्या पुन्हा लिहिल्या. अर्जातल्या चौकटींना नावंच नव्हती. तिला नुसतं "रकाना, रकाना" ऐकू यायचं. कुठे "येथे क्लिक करा" एकाखाली एक अकरा वेळा. ती म्हणायची, "कशासाठी क्लिक करू ते तरी सांगा! येष्टी स्टँडवर सगळ्या गाड्यांना नुसतं 'गाडी' लिवल्यासारखं झालं." आम्ही दुरुस्त करायचो, ती पहिल्यापासून ऐकत जायची आणि थांबायची. "हितं अडकलं." आमच्या डोळ्यांना तिथे काहीच चुकलेलं दिसत नसायचं. विणीवरून फिरणारं आणि एका जागी थांबणारं तुमचं बोट मला तेव्हा रोज आठवलं. अजून पुष्कळ पानं राहिलीत. तरी या कामाने जे समाधान दिलं ते टाळ्यांनी दिलं नव्हतं.

आज ती रिकाम्या वर्गात फोनवर अर्ज भरायला बसली तेव्हा मी मागे जाऊन उभी राहिले. तिला पावलं कळली. "मॅडम, तुमी बाहेर थांबा की. तुमच्यापुढं मला कॉपी केल्यागत वाटतंय." मी मुकाट्याने बाहेर आले. दारातून ऐकत राहिले. तिने आधी सूचनेतली प्रत्येक ओळ ऐकली, सहीची आणि पदनामाचीसुद्धा. शेवटी फोन म्हणाला, "आपला अर्ज मिळाला आहे." ती खुर्चीत मागे रेलली आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "चला, चहा."

हे पत्र कुठेच जाणार नाही. तरी सवयीने मी ते आताच फोनकडून वाचून घेतलं, तुम्हाला ऐकू गेलं असतं तसं. त्याने एकही शब्द गाळला नाही. मीच एक गोष्ट गाळली होती, ती आता लिहिते. तुम्ही रागावलात त्यानंतरच्याच वर्षी, एका शनिवारी फलकावर एक सूचना होती. संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात व्याख्यान. तुम्हाला व्याख्यानांचं किती वेड! ऐकलं असतंत तर आपण थांबलो असतो, आणि मला भूक लागली होती. मी वरची वाचली, खालची वाचली, मधली सोडली. पुढच्या शनिवारी शिपाई मामा म्हणाले, "त्या दिवशी भाषण लई रंगलं. तुमी कसं न्हाई आला?" मी बादलीतल्या पट्ट्या खालीवर करू लागले. तुम्ही विणता विणता क्षणभर थांबलात, मग पट्टी ओढत म्हणालात, "ठाऊक हुतं, पर कामात हुतो." आणि काम संपल्यावर नेहमीसारखे फलकापुढे येऊन म्हणालात, "वाच."

त्या सूचनेची शेवटची ओळ होती: सर्वांना प्रवेश खुला. ती मी वाचली होती, अण्णा. मनात.