खोकल्याचा पाला

३ मार्च
आलो एकदाचा सासरी! घरजावई म्हणून, पण ऐटीत. माडीवरची खोली झकास आहे, उजेड भरपूर, खिडकीखाली बाग. सासरेबुवा निवृत्त कंपाउंडर, पण बागेत मिरवतात मोठ्या सर्जनसारखे. त्यांनी दोन वाफे दाखवले. एकात खोकल्याचा पाला. त्याचा काढा या घरात सगळेच पितात. शेजारी फॉक्सग्लव्ह नावाचं कुठलंसं विलायती झाड. दोन्हींची पानं मोठी, लवदार, सारखीच. फॉक्सग्लव्हला फुलं म्हणे दुसऱ्या वर्षी येतात. ते विषारी आहे, हात लावू नका, असं मला दोनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

७ मार्च
म्हाताऱ्याचं कपट कळलं. खोकल्याचा पाला विरळ नि किडका, आणि 'विषारी' वाफा कसा तरारलेला! चांगला माल स्वतःसाठी राखायचा आणि जावयाला बागुलबुवा दाखवायचा. बायको आठवडाभर खोकतेय, तिला मात्र किडकी पानं. काय ती बापाची माया!

८ मार्च
सासरेबुवा दाढी करत होते तेवढ्यात त्या 'विषारी' वाफ्यातली सहा पानं खुडली. काढा कडूजहर झाला. बायकोनं विचारलं, कुठल्या वाफ्यातली? म्हटलं, खोकल्याच्याच. तिनं विश्वासानं पेला रिकामा केला. मी दोन घोट घेतले.

९ मार्च
तिला उलट्या. सासूबाईंना त्यात गोड बातमी दिसतेय. धन्य आहे! मी उरलेला काढा तिला पाजला. मलाही मळमळतंय, सासूबाईंचा स्वयंपाक, दुसरं काय. दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय. वायरिंगही भिकारच.

१० मार्च, सकाळ
भिंती पिवळ्या. उशी पिवळी. सासरेबुवांनी दारातून विचारलं, काय खाल्लं दोघांनी? म्हटलं, तुम्ही तुमची झाडं सांभाळा.

दुपार
ती उठत नाही. नाडी चाळीस. पुन्हा मोजली — छत्तीस. मध्येच थांबते, मग —
भीती वाटतेय मला. फार.

सासरेबुवा खिडकीखालीच आहेत. एक हाक पुरे. पण मग सांगावं लागेल, की मी — त्या कंपाउंडरपुढे? मी?

तिनं डोळे उघडले. आणखी काढा देतोस का, म्हणाली. बरं वाटेल म्हणे.

ते वाफ्यात गुडघ्यांवर बसलेत. खुडलेले देठ —
धावत आत आले. जिन्यात पावलं —
चुकलो म्हणू? छे. सांगतो, पानं तिनंच खुड—