मामाची हिरवी साडी

तिरुवल्लिकेणी, मद्रास
७ सप्टेंबर १९६४

तीर्थस्वरूप आईस, भीमसेनाचे शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, प्रकृती ठणठणीत आहे. डोळेही ठणठणीत आहेत, पण रेल्वेच्या डॉक्टरांना ते पटत नाही. असिस्टंट स्टेशन मास्तरच्या जागेसाठी काल तपासणी झाली. भिंतीवरची बारीक अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग त्यांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं आणि आकडे वाचायला सांगितले. एका पानावर मी एकवीस वाचले, ते म्हणाले चौऱ्याहत्तर आहेत. पुढच्या पानावर मला आकडाच दिसेना, नुसती विस्कटलेली रांगोळी. मी तसं सांगितलं तर दारातला शिपाई हसला. त्याला म्हणे तिथूनही आकडा दिसत होता!

आई, माझं डोकं चालेनासं झालं आहे. सोमवारी दिवा दाखवून पुन्हा तपासणार आहेत. तोवर मेसचं पाणचट सांबार पिऊन दिवस काढतो. तुझ्या शब्दाप्रमाणे मामाच्या मैलापूरच्या बिऱ्हाडाकडे अजून फिरकलेलो नाही. धाकट्या चंद्रिकेला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भीमसेन

तंजावूर
११ सप्टेंबर १९६४

चि. भीमसेनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, चंद्रिकेकडून एकदा वाचून घेतलं, तरी काही उमगलं नाही. देवळाच्या शिखरावरचा पोपट तुला खालून दिसतो, मग त्या डॉक्टराचे ठिपके कसे दिसत नाहीत? कुणाची तरी नजर लागली असेल. मेसवाल्याला सांगून रोज पोन्नांगण्णी कीरै खा, ही भाजी डोळ्यांना फार चांगली. सोमवारी नीट बघून, धांदल न करता उत्तर दे.

चंद्रिकेचं लग्न तै महिन्यात, संक्रांतीनंतर, ठरलं. मामा म्हणून गुरुमूर्तीला उभं करते. तो लांबचा चुलतभाऊ, पण माणूस सरळ आहे. माझा सख्खा भाऊ शेषगिरी जिवंत असताना चुलतभावापुढे पदर पसरायचा, हे काय मला आवडतं? पण तुझ्या थोरल्या बहिणीच्या, सरोजाच्या लग्नातलं मी विसरणार नाही. मामाने नवरीला हिरवी साडी द्यायची, ही आपल्या घरची रीत. आणि शेषगिरीने भर मांडवात ताटावरचा रुमाल काढला तो तांबूस कावीच्या रंगाच्या साडीवरून! विधवेचं वस्त्र नवरीपुढे! विहीणबाई तिथेच मटकन खाली बसल्या. हे काय आणलंस, असा मी जाब विचारला तर हा साडी उचलून, माझ्यावरच डोळे वटारून निघून गेला. चार महिन्यांत तुझे वडील गेले. सहा वर्षं झाली, अजून सकाळी नेसताना मला तेच ताट दिसतं. त्याच्या दारात तू पाऊल टाकायचं नाहीस.

तेल लावून न्हात जा. सुखरूप असल्याचं एक कार्ड टाकत जा, तेवढ्यावर मी जगते.

तुझी आई

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२५ सप्टेंबर १९६४

ती. आईस, भीमसेनाचे शि. सा. न. वि. वि.

आधी, तू म्हणशील तेवढी क्षमा मागतो. तुझी आज्ञा मोडली.

दिव्यातही नापास झालो. अंधाऱ्या खोलीत दोन बारीक दिवे, आणि मी लालला हिरवा म्हणत राहिलो. शेवटी डॉक्टरांना दया आली. त्यांनी टीपकागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात लाखो बारीक पेशी असतात. काही मंद उजेडाच्या, त्यांना रंग कळत नाही. रंगाच्या पेशी निराळ्या आणि त्या तीन जातींच्या असतात. कुठल्या जातीला किती उजेड लागला, ते ताडून मेंदू रंग ठरवतो. माझ्यात त्यातली एक जात कामाची नाही, म्हणून तांबूस तपकिरी आणि हिरवा मला वेगळे करता येत नाहीत. कीरै खाऊन ती पेशी उगवत नाही. हे जन्माचं, आणि आईकडून आलेलं. तुला मात्र सगळे रंग दिसतात, कारण तुझ्याकडे त्या गुणसूत्राची दुसरी चांगली प्रत आहे. मुलाकडे एकच असते. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, आईच्या भावाला असं आहे का?

मला मांडवातलं ते ताट आठवलं. तिथून तडक मैलापूरला गेलो.

मामा फार थकला आहे. एकटाच राहतो, स्वतःची फिल्टरची कापी स्वतः करतो. मी सहा वर्षांपूर्वीचं विचारलं तर तो गोंधळूनच गेला. म्हणाला, साडी हिरवीच होती, कुंभकोणच्या दुकानात गठ्ठ्यातून स्वतः निवडली. काठ अरुंद होता म्हणून त्याची अक्का, म्हणजे तू, चारचौघांत बोललीस, असं त्याला आजवर वाटत आलं. कावीचं नाव काढलं तेव्हा त्याला वाटलं, मी चेष्टा करतो आहे. त्याने पेटीतून ती साडी काढून माझ्यापुढे ठेवली.

आई, ती मला हिरवी दिसली. आणि आता सांगतोच, मांडवातही मला ती हिरवीच दिसली होती. सगळी मोठी माणसं ओरडत होती, म्हणून मला वाटलं चूक माझीच. मी गप्प बसलो. मामाच्या घरमालकिणीला विचारलं तेव्हा कळलं, कावीच्या रंगाची आहे. मामा नुसता साडीवरून हात फिरवत बसला.

स्टेशन मास्तरची जागा गेली. मला वाईट वाटतंय, पण काय वाटायला हवं ते नक्की कळत नाही. रागावलीस तरी पत्र धाड, तुझ्या रागातही मला उबेला जागा असते.

तुझा
भीमसेन

तंजावूर
१ ऑक्टोबर १९६४

चि. शेषगिरीस अक्काचे आशीर्वाद.

सहा वर्षांनी तुला लिहिते आहे. भीमसेनाचं पत्र आलं. पेशी वगैरे मला कळल्या नाहीत. पण लहानपणी आईने पूजेला फुलं आणायला धाडलं की तू बहरलेल्या जास्वंदीपुढे उभा राहून फुलं नाहीत म्हणायचास, ते आठवलं. आळशी म्हणून मी तुझ्या पाठीत धपाटे घालायचे. तुला ती दिसतच नव्हती रे! आणि यजमान गेले त्याचं खापरही मी तुझ्याच डोक्यावर फोडलं.

गुरुमूर्तीला नको म्हणून कळवलं आहे. चंद्रिकेला तूच मामा. हिरवी साडी घ्यायला घरमालकिणीला ने, भीमसेनाला मात्र नेऊ नकोस!

आणि ती पेटीतली जुनी साडीही आण. आता मला तोच रंग नेसावा लागतो. लग्नाच्या दिवशी मी तीच नेसेन. लवकर निघ, वाट बघायला आता माझ्याकडे फार दिवस नाहीत.

तुझी
अक्का