दुहेरी टीप

बेस कॅम्प, ४ मे

ती. ताईस,
ढम्याचा सा. न. वि. वि.

तू बनवलेलं जॅकेट अंगात घालूनच लिहितोय. एकदम फर्स्टक्लास! पण तुझ्या कारखान्याची अब्रू थोडक्यात वाचली बरं का. निघायच्या आदल्या दिवशी आईनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि नाक मुरडलं. एकेरी शिवण, तीही आतून पट्टी डकवून झाकलेली! असली लबाडी आपल्या शिवणकामात चालत नाही म्हणाली. बसली मशीनवर आणि दोन्ही खांद्यांना दुहेरी टीप घातली. मी हसत बसलो.

काल ओलं बर्फ पडलं, तेव्हा खांदे जरा दमट वाटले. घाम असणार. परवा वर निघतोय. दुसरं जॅकेट ओझं नको म्हणून आणलंच नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा ढम्या

९ मे

चि. ढम्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे, तो घाम नाही! ती पट्टी शिवणीची भोकं बुजवायला होती. आईच्या सुईनं तिचीच चाळण झाली. बॅगेच्या पट्ट्याखाली बर्फ वितळेल, पाणी आत झिरपेल, आत भरलेल्या पिसांचे गोळे होतील आणि वरच्या वाऱ्यात ते गोठतील. मग जॅकेट असून नसल्यासारखंच. हवा बिघडून तुम्ही अजून खालीच अडकला असाल, एवढीच आशा आहे. तुझ्या पाया पडते, वर जाऊ नकोस. दुसरं जॅकेट सामानाच्या गाडीनं धाडलंय. ते घालून मी स्वतः फवाऱ्याखाली उभी राहिलेय.

आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. जन्मभर मनाला लावून घेईल.

दोन ओळी का होईना, पण लगेच लिही.

तुझी घाबरलेली ताई

१८ मे

चि. ताईस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ढम्याचा अजून पत्ता नाही. त्याच्याबरोबरचा एक मुलगा खाली आला, तो भेटून गेला. ढम्याचं जॅकेट म्हणे लाकडासारखं कडक झालं होतं. पोर कुडकुडत मागच्या तंबूत थांबलं आणि वरून वादळ आलं. लोक तुझ्या कारखान्याला नावं ठेवतात. मी एकेकाचं तोंड बंद केलं. म्हटलं, माझ्या लेकीचं काम, त्यावर माझी दुहेरी टीप, ते दगा देणार नाही.

त्याला शोधायला इथून चौघं सोमवारी निघतायत. त्यांचीही जॅकेटं तुमच्याकडचीच. रडत बसण्यापेक्षा हाताला काम बरं, म्हणून मी ती मागून घेतली. दोघांची टीप घालून झाली, उरलेली उद्या होतील.

वेळेवर जेव गं. माझी काळजी करू नकोस.

तुझी आई

२१ मे

ती. आईस,
शि. सा. न.

कारखान्याच्या ड्रायव्हरबरोबर चार नवी जॅकेटं पाठवतेय. हे पत्र उभ्याउभ्याच वाच. आधी मशीन थांबव. तू शिवलेलं एकही जॅकेट त्या पोरांना देऊ नकोस.

का, ते समोर बसून सांगणार होते. पण कारण कळल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. तुझी टीप भक्कमच आहे गं आई. मी तुझ्याच मशीनवर शिकले. पण या कापडाला पट्टीनं न बुजवलेलं सुईचं भोक चालत नाही. त्यातून पाणी आत जातं.

ढम्याच्याही गेलं.

दाराला कडी लावू नकोस. मी पाठोपाठ येतेय.

तुझी ताई